मूळपुरुष, मुक्काम पोस्ट नवेगाव बांध

महाराष्ट्रात ज्याला त्याला एक मूळपुरुष असतो. हा मूळपुरुष बहुधा घोड्यावर बसून येतो. कुठल्या तरी लढाईत तो कुणा तरी सरदाराच्या उजव्या हाताला उभा असतो, त्या उभं राहण्याबद्दल त्याला इनाम मिळतं, आणि ते इनाम नेमकं आपल्या आजोबांच्या आदल्या पिढीत भाऊबंदकीत जातं. म्हणून आपल्याला नोकरी करावी लागते. घराणं कोकणातलं असो की देशावरचं, कथेचा सांगाडा हाच. मूळपुरुष गुडघाभर चिखलात उभा होता, असं मात्र कुठल्याही कुलवृत्तांतात माझ्या वाचनात आलेलं नाही.

आमचा मूळपुरुष चिखलात उभा होता. घोडा असलाच तर तो काठावर चरत असावा.

आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या मुलखातले. जुना जिल्हा भंडारा. १ मे १९९९ पासून गोंदिया. आमच्याकडे कुणाला घराणं विचारलं की तो आधी तलावाचं नाव सांगतो आणि मग आडनाव. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच सांगणं : ‘आपण कोलू पाटलाचे.’ हे कोलू पाटील म्हणजे कोहळी समाजातले, नवेगाव बांधचा अजस्र तलाव बांधणारे. काळ अठराव्या शतकाची सुरुवात. आता ‘आपण कोलू पाटलाचे’ असं त्या भागात किती घरं म्हणतात, याची मोजदाद करायला गेलं तर जनगणना खात्याला जादा माणसं भरावी लागतील. पण आमच्या मोठ्या काकांना त्याचं काही नाही. त्यांच्या मते बाकीचे ‘म्हणवतात’ आणि आपण ‘आहोत’.

तर या मोठ्या काकांनी पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या घरी त्यांचा कुलवृत्तांत पाहिला. वजन अंदाजे दीड किलो. आत वंशवृक्ष, घडीचे तक्ते, आणि अमेरिकेतल्या शाखेचे रंगीत फोटो. काका परत आले ते त्यातल्या माहितीपत्रकाची झेरॉक्स घेऊनच. माझ्यापुढे कागद टाकून म्हणाले, ‘‘तू लिहितोस ना जी पेपरात? मग हे भर. पहिल्या नंबरावर कोलू पाटील.’’

कागदावर रकाने होते. नाव, जन्म, मृत्यू, मूळ गाव, शिक्षण, व्यवसाय, स्थावर मालमत्ता, सध्याचा पत्ता, वारस. मूळपुरुषाला ‘सध्याचा पत्ता’ विचारणारा हा बहुधा जगातला एकमेव फॉर्म असेल. पण गंमत अशी की आमच्या बाबतीत तो एकच रकाना बिनचूक भरता येण्यासारखा होता. ते पुढे येईलच.

‘मूळ गाव’पासूनच भांडण सुरू झालं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार जाडजूड खंड काढले. त्यात कोहळ्यांवर स्वतंत्र नोंद आहे, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठमोठे तलाव बांधणारे लोक म्हणून त्यांचं मनापासून कौतुकही आहे. पण आले कुठून, या प्रश्नावर साहेबांनी तीन उत्तरं देऊन ठेवली आहेत. पहिलं असं की चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला होता, त्यानं येताना या लोकांना बरोबर आणलं. दुसरं असं की भंडाऱ्याकडचे कोहळी स्वतःची पहिली वस्ती लांजीला होती म्हणून सांगतात. लांजी म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली. आणि तिसरं साहेबांचं स्वतःचं मत असं की यांची भाषा, चालीरीती, आडनावं बघितली तर ही मंडळी इथलीच, मराठी मुलखातली, कुणब्यांच्या जवळची दिसतात.

मोठ्या काकांना काशी आवडली. मूळपुरुष काशीहून आला म्हटलं की निम्मं पुण्य आयतंच पदरात पडतं. आत्याबाईंनी लांजी उचलून धरली, कारण त्यांच्या सासूचं माहेर त्या बाजूचं. तिसऱ्या मताला, ज्याच्या बाजूला पुरावा होता त्याला, घरात एकही मत पडलं नाही. ‘‘इथलेच? म्हणजे कुठूनच आलो नाही?’’ काका हिरमुसले. माणसाला आपला पूर्वज फार लांबून आलेला हवा असतो. नातवानं मात्र लांब जाऊ नये अशी अपेक्षा.

एक गोष्ट मात्र तिन्ही मतांत खपून जाते : हे तलाव हौस म्हणून बांधले गेले नाहीत. आमच्याकडे पाऊस कमी नाही, पण तो वक्तशीर नाही. धानाचं पीक म्हणजे पाण्यात पाय सोडून बसणारं. पऱ्हे टाकायला पाणी, रोवणीला पाणी, आणि लोंबीत दाणा भरायच्या वेळी, म्हणजे पाऊस निरोप घेतो नेमकं तेव्हा, शेवटचं पाणी. ते शेवटचं पाणी मिळालं नाही तर घरात येतो तो तणस. धान नाही. शिवाय कोहळ्यांचा जीव उसात, आणि उसाला तर उन्हाळ्यातही पाणी लागतं. तेव्हा आभाळानं चार महिन्यांत दिलेलं पाणी बारा महिने पुरवून वापरायचं, हा सगळा खटाटोप. गोंड राजांनी ही गोष्ट नेमकी ओळखली. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, असा त्यांचा रिवाज सांगतात. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. तिथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नळाला पाणी आलं नाही की आपण केवढ्या ऐतिहासिक नावाखाली तहानलो आहोत, याची कल्पना नसते.

या हुकमातली मेख बघा. जमीन आधी आणि काम नंतर, असं नाही. काम आधी. तेही असं की पाणी जितकं लांब पोचेल तितकी तुमची जमीन. कागदावर हजार एकर भिजवणारा तलाव प्रत्यक्षात शंभर एकर भिजवतो, ही आधुनिक कला त्या काळी कुणाला परवडलीच नसती.

‘जन्म’ आणि ‘मृत्यू’ हे रकाने भरायचे तर काळ पक्का करायला हवा होता. अठराव्या शतकाची सुरुवात म्हणजे बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं तो काळ. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. नागपूरकर भोसल्यांचं राज्य अजून यायचं होतं. म्हणजे कुलवृत्तांतवाल्यांचे मूळपुरुष पेशव्यांच्या दरबारात जागा धरत होते, त्याच सुमारास आमचे मूळपुरुष पाळीवर उभं राहून पाणी कुठून झिरपतं ते बघत होते. दरबाराची बखर लिहिणारे होते. पाळीची बखर कोण लिहिणार?

आणि कोनशिला नाही! आमची सगळी अडचण या एका दगडापायी झाली. आजकाल साधी मुतारी बांधली तरी तिच्यावर तारीख, वार आणि सात नावं असतात. कोलू पाटलांनी तलाव बांधला, पण भूमिपूजन, उद्घाटन, लोकार्पण यांतलं काहीच करायला त्यांना सुचलं नाही. त्यामुळे संशोधकाला तारीख सापडत नाही. उलट बाजूनं असं की ज्यांची नावं दगडावर आहेत ती कुणाला आठवत नाहीत, आणि ज्याचं नाव कुठंच कोरलेलं नाही ते तीनशे वर्षं पोराटोरांच्या तोंडी आहे. पण ‘पोराटोरांच्या तोंडी’ हा पुरावा फॉर्मला चालत नाही.

‘शिक्षण’ या रकान्यासमोर मी बराच वेळ पेन घेऊन बसलो. इंग्रज अधिकाऱ्यांना या गोष्टीचं मोठं नवल वाटे की उपकरण नाही, नकाशा नाही, आणि ही माणसं पाण्याचा उतार नुसत्या नजरेनं कसा ओळखतात. नवेगावला उभं राहिलं की ती नजर म्हणजे काय ते कळतं. चहूबाजूंनी टेकड्या. पाणी पळून जायला वाट फक्त टेकड्यांमधल्या खिंडीतून. ती वाट हेरायची आणि तेवढीच मातीच्या पाळीनं बुजवायची. बाकीची भिंत देवानं बांधलेलीच आहे. निसर्गाचं काम नव्याण्णव टक्के झालेलं असताना उरलेला एक टक्का नेमका कुठे आहे, हे ओळखणं यालाच बहुधा इंजिनियरिंग म्हणत असावेत. पाळीत पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी काढून द्यायला सलंग, तिथून पाट, पाटातून बांधीत, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. जुन्या गॅझेटियरात या तलावाचं क्षेत्र पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल दिला आहे. म्हणजे सुमारे १३ चौरस किलोमीटर पाणी आणि २७ किलोमीटरचा फेरा. मोठे काका सकाळी सोसायटीभोवती चार फेऱ्या मारतात आणि त्याचा हिशेब दिवसभर सांगतात. त्यांना या तलावाला एक फेरी मारायला लावली तर कुलवृत्तांताचा नाद आपोआप सुटेल. शेवटी ‘शिक्षण’समोर मी लिहिलं : ‘उतार ओळखत होते.’

आता मधल्या पिढ्या. इथे मात्र सरकारी कागद उपयोगी पडतात, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, ते वारस नाही या सबबीवर. वंशावळ नीट नसली की काय होतं, याचं याहून जळजळीत उदाहरण नाही, असं मोठ्या काकांनी मला दोनदा सांगितलं. पुढे १८६१ ला मध्य प्रांत झाला, जमीन महसुलाचा बंदोबस्त झाला, गावोगावच्या पाटलांना आणि मक्तेदारांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. त्या वेळच्या मिसली, खसरे, वाजिब-उल-अर्ज हा आमच्या इतिहासाचा पाया. पण तो सुरू होतोच मुळी कोलू पाटलांनंतर दीडशे वर्षांनी. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तरी सहा पिढ्या अंधारात.

मी एका कार्यालयात चौकशीला गेलो. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, ‘‘मयताचं नाव?’’

‘‘कोलू पाटील.’’

‘‘मयत कधी झाले?’’

‘‘नक्की सांगता येत नाही. ते पुढे देव झाले.’’

आता त्यांनी मान वर केली. ‘‘देवाचा फेरफार इथे होत नाही,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा खाली घातली.

ज्या पिढ्यांचे कागद मिळाले त्यांची तऱ्हा निराळी. आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे दोनच नावं आलटून पालटून वर चढत जातात, आणि ही जमीन आजोबांनी घेतली की नातवानं विकली, याचा थांग लागत नाही. त्यातून आते-मामे भावंडांत सोयरीक करायची जुनी रीत. एका फांदीवरून निघालेली मुलगी दोन पिढ्यांनी शेजारच्या फांदीवर परत येते. कोकणातल्या कुळांचा वंशवृक्ष होतो. आमचा काढायला घेतला तर ढिवराचं जाळं होतं. कुठूनही उचला, सगळं एकत्र वर येतं.

आणि त्या जाळ्यात बाई एकही नाही. ‘मुले दोन, मुली लिहिल्या नाहीत’ असाच सगळा मामला. कोण कुठून आली, कुणाच्या हाताला रोवणीचा चिखल लागला, कशाचीच नोंद नाही. आमच्या आख्ख्या वंशावळीत बायका सापडल्या त्या फक्त सात, आणि त्या सातही डोंगर आहेत! तलावाभोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटलांना तलाव पुरा करायला या सात बहिणींनी हातभार लावला, अशी कथा आहे. मी आत्याबाईंना म्हटलं, ‘‘बघा, बायकांचं नाव काढलंय की नाही?’’

आत्याबाई म्हणाल्या, ‘‘काय नाव काढलं जी? सात जणी राबल्या, तं सातांना मिळून एक नाव. आन् तलाव कोणाचा? कोलूचा.’’

याला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे प्रश्न सात बहिणींपाशी संपतही नाही. एवढी पाळ एका पाटलानं एकट्यानं घातली असेल का? टोपल्या वाहणारे गोंड असतील, ढिवर असतील, आसपासच्या गावांतल्या पोटाला आलेल्या माणसांची रांग असेल. माती तुडवणारे बैल तर असतीलच. त्यांचा कुलवृत्तांत कोण छापणार? मूळपुरुष शोधायला निघालेला माणूस एक टोपली खाली ठेवतो आणि ती कुणी भरली हे विचारायचं विसरतो.

‘सध्याचा पत्ता’ मात्र बिनचूक मिळाला. कोलू पाटलांचे पुढे कोलासुर देव झाले. तलावाभोवतीच्या एका डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. माझ्या पुतणीनं ते नाव ऐकून घाबरत विचारलं, ‘‘म्हणजे आपण राक्षसाचे वंशज?’’ तिला सांगितलं, बाई गं, खेड्यातल्या देवांची नावं शहरातल्या व्याकरणानं वाचायची नसतात. महिषासुराचा म्हसोबा झालाच आहे ना, आणि लोक त्याला शेंदूर लावतातच ना? ज्याच्यापासून धाक वाटतो आणि ज्याच्याकडून पाणी मिळतं, अशा दोघांनाही आपल्याकडे एकाच रांगेत बसवतात.

पण यातून घरात एक पेच उभा राहिला. पितृपक्षात या मूळपुरुषाचं पान वाढायचं की नाही? पितर म्हणावं तर तो देव झालेला, आणि देव म्हणावं तर तो काकांच्या म्हणण्याप्रमाणे खापरखापर-पणजोबा. शास्त्रात तीन पिढ्यांपलीकडे जाण्याची गरज नाही, असा निर्णय होऊन खीर वाचली.

इंजिनियरला देव करणारे आम्ही एकटे नाही, हे वाचून मला धीर आला. आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन या इंग्रजाचे पुतळे उभारून तिथले शेतकरी आजही त्यांना हार घालतात. विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन होतो. एवढंच की त्यांना पदव्या होत्या, आणि आमच्याला डोंगर मिळाला.

उरला ‘स्थावर मालमत्ता’ हा रकाना. काकांचा खरा डोळा त्यावर होता. मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा जुन्या मध्य प्रदेश राज्यात १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. जमीन कसणाऱ्याला मोकळा श्वास मिळाला. ते व्हायलाच हवं होतं. त्याबरोबर हजारो तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं दफ्तरी नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लाडकं नाव ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त मामा आहेत. आजोबांनी बांधलेला तलाव एका रात्रीत मामांचा झाला, आणि आपल्याकडे ‘मामाचा माल’ म्हटलं की त्याचं काय होतं ते सांगायला नको.

पूर्वी उन्हाळ्यात गाळ निघायचा. तो बांधीत पडायचा, तेच खत. पाळ खचली की गाव जमायचं. यात मालगुजाराचा दरारा होता, वेठही असेल; त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तो दरारा गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. काही तलाव जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे. गाळ मात्र कुणाकडेही अर्ज न करता साठत राहिला. जोडीला बेशरम नावाचं झुडूप आलं. कापलं तरी वाढतं, उपटलं तरी रुजतं, म्हणून लोकांनी त्याला दिलेलं हे नाव. एका वनस्पतीचं इतकं अचूक बारसं दुसरीकडे झालेलं नाही.

नवेगावचा तलाव त्यातल्या त्यात भाग्यवान. १९७५ मध्ये भोवतीच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी मारुती चितमपल्लींनी इथे वर्षं काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं. हिवाळ्यात तिथे परदेशी बदकं येतात, त्यांच्यामागून दुर्बिणी येतात. धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी घातलेल्या पाळीवर आज सहलीचे डबे उघडतात. पण बाकीच्या हजारो बिननावाच्या मामांचं काय?

त्याचं उत्तर मला कागदांत नाही, अर्जुनी मोरगाव तालुक्यात मिळालं. तिथल्या काही गावांत ढिवर समाजाच्या बायका उन्हाळ्यात तलावात उतरल्या, बेशरम मुळासकट उपटली आणि पूर्वी तिथे असलेल्या पाणवनस्पती चिखलात हातानं पुन्हा रोवल्या. त्या वनस्पतींच्या मागोमाग मासे आले, माशांच्या मागोमाग पाखरं. त्यांनी हे केलं ते कुणाच्या वंशातल्या म्हणून नव्हे. माशावर चूल पेटते म्हणून. कोलू पाटलांनीही दुसऱ्या कशासाठी केलं असेल असं मला वाटत नाही.

मग मी फॉर्म पुरा केला. व्यवसाय : माती टाकणे. स्थावर मालमत्ता : पाच चौरस मैल पाणी, सरकारजमा. सध्याचा पत्ता : डोंगर, नवेगाव बांध, जिल्हा गोंदिया. ‘वारस’ या रकान्यात लिहिलं : ‘तलावातला गाळ काढील तो, स्त्री असल्यास तिचे नाव स्वतंत्र लिहावे.’

मोठ्या काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. ‘‘मग आपलं नाव कुठे आहे यात?’’ त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत आत्याबाई आतून म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात घमेलं घेऊन जा, मग लिवतो.’’

काका घटकाभर गप्प बसले. मग आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, ‘‘घमेलं मोठं पाहिजे का जी, लहान चालते?’’